मैरामला न उघडता आलेला फोन

नवरा गेल्यावर मैराम रडली नाही, ही गोष्ट आमच्या नारीन गावच्या बाजारानं वर्षभर चघळली. मला पाठीमागे बोलायची सवय नाही, म्हणून मी तिला तोंडावरच विचारलं, "अगं, डोळ्यांत पाणी आहे की नाही तुझ्या?" तर म्हणाली, "माहीत नाही, एजे. दात काढताना गाल बधिर होतो ना, तसं सगळं अंगच झालंय." आणि गिऱ्हाइकाच्या फोनचा स्क्रू काढत बसली.

मी बटणं, चेन आणि दोरे विकते; मैराम मला एजे, म्हणजे ताई, म्हणते. माझं दुकान म्हणजे एक लोखंडी कंटेनर, आणि त्याला लागून दुसरा कंटेनर मैरामचा. मधला पत्रा असा की तिला शिंक आली तरी मला कळतं. ती फोन दुरुस्त करते. दुकान मूळचं तिच्या नवऱ्याचं, एर्मेकचं. घर बांधायचं म्हणून तो रशियात बांधकामावर गेला आणि जाण्याआधी बायकोला काम शिकवून गेला. सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं, तिच्याकडे बघायचं आणि विचारायचं, "मिस्त्री कुठेयत?" ती म्हणायची, "जेवायला गेलेत, फोन ठेवून जा." संध्याकाळी फोन तयार. मिस्त्री काही कधी जेवून आले नाहीत, पण गिऱ्हाइकांची तक्रार नव्हती.

एर्मेक बांधकामाच्या परांचीवरून पडला. विमानानं पेटी आली, आणि पेटीबरोबर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याचा पट्टा, टोपी आणि फोन. फोन त्याच्या खिशात होता, त्यामुळे त्याचाही चेंदामेंदा झाला होता. अंगणात शोकाचं काळं तंबूघर उभं राहिलं, बायका भिंतीकडे तोंड करून शोकगीतं गायल्या, आणि मैराम मध्ये बसून राहिली, कोरडी ठणठणीत. कुजबुज सुरू झाली तशी तिची सासू, उल्कान आपा (आमच्यात आईला आपा म्हणतात), कडाडली, "माझी सून आहे. तिनं कसं रडायचं ते ती बघेल. तुम्ही चहा प्या आणि निघा." आपाचं हे मला फार आवडलं. सासू असावी तर अशी.

पण त्या घरात दोघी राहायच्या कशा, ते विचारू नका. दोघीही एकमेकींना जपायच्या आणि त्यापायी एक शब्द बोलायच्या नाहीत. एर्मेक रोज सकाळी आईला फोनवर आवाजी निरोप पाठवायचा. तो गेल्यावर आपानं जाहीर केलं, "मी सगळं पुसून टाकलं. ऐकवत नाही मला." झालं, विषय संपला. सासूच्या फोनला सून हात लावत नाही, मग ती फोन दुरुस्त करणारी का असेना.

मैरामला माणसं भेटायची ती इंटरनेटवर. 'उस्ताकाना', म्हणजे मिस्त्रीखाना, नावाचा एक कट्टा आहे तिथे. ओशपासून अल्माटीपर्यंतचे दुरुस्तीवाले त्यात सदस्य, एकमेकांना अडचणी विचारणार, उत्तरं देणार, शिव्याही घालणार. तिथं ती कुणाची सून नव्हती की कुणाची विधवा नव्हती. कुणी तिच्याकडे बघून चुकचुकायचं नाही. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? आधी बॅटरी काढ!" असं कुणी लिहिलं की ती मला वाचून दाखवायची, आणि मला वाटायचं की तिला ते गोड लागतंय.

मागच्या शरदात उस्ताकानानं सदस्यांसाठी लेखांची स्पर्धा लावली. यंत्रांबद्दल, दुरुस्तीबद्दल आपापल्या पानावर लेख लिहायचा, सदस्यांनी मतं द्यायची, ज्याला जास्त मतं तो पहिला. बक्षीस म्हणून एक मशीन होतं. मेलेल्या फोनमधला आठवणींचा तुकडा, म्हणजे मेमरी चिप, अलगद सोडवून वाचणारं मशीन. आमच्या नारीनमध्ये कुणाकडे नाही.

"एजे, मला ते मशीन पाहिजे," मैराम म्हणाली. वर्षभरात तिनं काही पाहिजे म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

"धंद्याला?"

"नाही. त्यांच्या फोनला." नवऱ्याचं नाव ती घेत नाही, आमच्यात घेत नाहीत. "ते कामावर व्हिडिओ काढायचे. म्हणायचे, आल्यावर दाखवीन. मला त्यांचा चेहरा आठवतो, एजे. हात आठवतात. आवाज गेला. रोज आठवून बघते, येतच नाही. माझ्याशी ते थेट फोनवरच बोलायचे, त्यातलं काही मागे राहत नाही ना. एकदा आवाज ऐकला तर कदाचित आतलं काही हलेल."

मी म्हटलं, "मग लिही की! बसलीस काय?"

तिनं लिहिलं. बाकीच्यांनी आपण काय काय दुरुस्त केलं त्याच्या बढाया मारल्या होत्या. कुणी पाण्यात पडलेला, कुणी मेंढीनं चावलेला फोन जिवंत केला होता. मैरामनं न झालेल्या दुरुस्तीवर लिहिलं. कुठली पट्टी तुटली, कुठला तुकडा पिचला, तिनं काय काय करून बघितलं आणि ते कुठं अडलं, सगळं सरळ. सुरुवात अशी होती: "हा फोन ज्यांचा आहे ते परत न्यायला येणार नाहीत, त्यामुळे मला घाई नाही." कुणाचा, कशाचा, एक अक्षर नाही.

"अगं, हे काय रडगाणं?" मी म्हटलं.

"रडगाणं कुठंय? सोल्डरिंगबद्दल आहे," ती म्हणाली.

आणि तिचंच खरं निघालं. लोक त्या लेखावर तुटून पडले. हे करून बघ, ते करून बघ, अमुक तापमानावर धर. आपापसात भांडले. मतं हळूहळू चढत गेली; मैराम पाचवी आली, मग तिसरी, मग दुसरी. पहिल्या नंबरावर बिश्केकचा एक पोरगेला मिस्त्री होता आणि तिच्यात नि त्याच्यात मोजकीच मतं उरली होती. मैराम तेव्हाही हसली नाही. पण एक दिवस टेबलावरचं सगळं सामान हलवून तिनं एक कोपरा मोकळा केला. मशीनला जागा केली होती बयेनं.

मग आमची माणसं मदतीला आली.

एर्मेकच्या कुणा भाच्यानं बिश्केकात तो लेख बघितला. लेखातल्या फोटोत फोनच्या पाठीवर एर्मेकनं चिकटवलेलं गरुडाचं चित्र दिसत होतं, ते त्यानं ओळखलं. उल्कान आपाला कळवलं. आपानं कुळाच्या सगळ्या माणसांना आवाजी निरोप धाडला. माझा नवरा त्यांच्याच कुळातला, म्हणून मलाही आला: "ऐका रे! माझी सून स्पर्धेत उतरलीय. माझ्या एर्मेकच्या फोनबद्दल लिहिलंय तिनं. ज्यानं ज्यानं आमच्या घरचा चहा प्यालाय त्यानं आत्ताच्या आत्ता सदस्य व्हायचं आणि मत द्यायचं. भिंत बांधायला येता तसे या!"

आमच्यात कुणाचं घर उभं राहायचं असलं की अख्खं गाव येतं, चिखल तुडवतं, विटा पाडतं आणि जेवून घरी जातं. तुमच्याकडे शेतावर इर्जिक करतात तसंच. गाव करील ते राव काय करील! माझ्या तर अंगात वारं शिरलं. गिऱ्हाइकाला म्हटलं, "बटणं नंतर घे," आणि फोनवर नाव-गाव भरायला लागले. तेवढ्यात मैराम पत्र्याला हात टेकत आत आली.

"एजे, नको. तुम्ही तरी नको."

"का गं? परकी आहे का मी?"

"नियम आहे. मतापुरते सदस्य आणले की लेख बाद करतात. विकतची मतं समजतात." तिनं आपला फोन पुढं केला. बघता बघता मतांचा आकडा वर सरकत होता. आत-बाशीची आत्या, कोचकोरचे मेंढपाळ, रशियात झाडू मारणारी पुतणी, सगळं कुळ लोटलं होतं.

"मग सासूला सांग! थांबव म्हणावं! अजून वेळ गेली नाही. उस्ताकानाच्या मालकांनाही आधीच कळव, माझ्या माणसांना ठाऊक नव्हतं म्हणून."

तिनं आपाला फोन लावला. आपाचा आवाज मला इकडं ऐकू आला. "मैराम! बघितलंस? सगळे उठलेत गं! जुमगालचा म्हातारा, ज्याला चष्म्यातूनही दिसत नाही, त्यानं पण दिलं मत! मी आज मटणाचं शोर्पो प्याले बघ, वाटीभर, वर आणखी घेतलं. एर्मेक गेल्यापासून पहिल्यांदा भूक लागली मला. माझ्या हातून त्याच्यासाठी काहीतरी झालं."

मी हातवारे करतेय, बोल, बोल! मैरामनं डोळे मिटले.

"रहमत, आपा," एवढे आभार मानले, आणि फोन ठेवला.

"अगं अवदसे!" मी ओरडले. "मशीन हातचं घालवतेस!"

"त्या जेवल्या, एजे," ती म्हणाली. "आणि मालकांना लिहायचं म्हटलं तर आपांनी चूक केली असं लिहावं लागेल. ते मी लिहिणार नाही." आणि परत जाऊन कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूचना आली. पत्र्याच्या पलीकडून तिनं मला ती वाचून दाखवली, गिऱ्हाइकाला बिल सांगावं तशा आवाजात. खोटी मतं जमवल्याबद्दल लेख स्पर्धेतून बाद. सदस्यत्व बंद.

"सदस्यत्व पण?"

"हो."

"मग आता कुणाशी बोलशील?"

तिच्या बारीक पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. मला इतका संताप आला की मी एक अख्खी दोऱ्यांची पेटी चुकीच्या फळीवर लावली.

आणि नेमकी त्याच वेळी उल्कान आपा आली. डोक्याला नवा रुमाल, हातात कापडात बांधलेले गरम गरम बोरसोक, कणकेचे तळलेले गोळे. वाटेतल्या प्रत्येक दुकानाला वाटत आली होती. "घ्या, घ्या! माझी सून पहिली आली! मी स्वतः आकडे बघितले!"

मैराम उठून उभी राहिली. "बसा आपा. चहा ठेवते."

"कसला चहा नि कसली पहिली!" मी म्हटलं. मला राहवलंच नाही.

"एजे, गप्प बसा," मैराम म्हणाली.

"का बसू? तुम्ही दोघी गप्प बसून बसून एक दिवस मराल. आपा, लेख बाद झाला. तुमच्या मतांमुळे. करायला गेला काय अन् उलटे झाले पाय."

आपा स्टुलावर बसली. बोरसोकचं गाठोडं मांडीवर. बराच वेळ तिला उमगेना. "खोटी मतं? खोटी कशी? सगळी जिवंत माणसं आहेत. सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. त्यांना म्हणावं, या इथं, मी एकेकाला उभं करते." मग हळूच म्हणाली, "तुला ठाऊक होतं, पोरी? काल फोन केलास तेव्हा?"

मैरामनं मान खाली घातली.

"कितीला येतं ते बक्षिसाचं मशीन? मी मेंढ्या विकते. कशाला हवं होतं तुला ते?"

मग मीच सांगितलं. "तिला त्याचा आवाज आठवत नाही, आपा. तो ऐकायला हवं होतं."

आपाचा चेहरा असा काही झाला की मी बोलायची थांबले. तिनं जाकिटाच्या आतल्या खिशातून आपला फोन काढला. "मी पुसलं नव्हतं," ती म्हणाली. "खोटं बोलले. तू बाजारात गेलीस की मी रोज पांघरूण घेऊन ऐकते. तुझ्या कानावर पडलं तर तुझं काळीज फाटेल असं वाटलं गं मला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला तर हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "लावा, लावा की आता!"

आपानं लावलं. "आपा!" एर्मेक गरजला. मागे कसलं तरी यंत्र धडधडत होतं. "ऐकू येतंय ना? इथं थंडी पडलीय! बटाटे खड्ड्यात घातले का? वर गवत टाका! आणि त्या शेजाऱ्याला म्हणावं, माझी करवत परत कर, लेका!" पलीकडचा मटणवाला सुरी हातात तशीच धरून उभा राहिला. आपा पदरासारखा रुमाल तोंडावर ओढून हमसून हमसून रडायला लागली.

मैराम कान देऊन ऐकत होती. "दुसरा लावा," ती म्हणाली. दुसरा झाला. तिसरा झाला. सगळ्यांत तो तसाच, मोठ्यानं, खुशाली, हवामान, मेंढ्या.

तिचा चेहरा कोराच होता. "हा नाही," ती म्हणाली.

"काय नाही?" आपा चमकली. "एर्मेकच आहे हा! माझा मुलगा मला कळत नाही?"

"तुमचाच मुलगा आहे, आपा. तुमच्याशी ते असे बोलायचे, सगळ्यांसमोर. माझ्याशी असे नाही बोलायचे. हा आवाज मला ठाऊक होताच. मला हवा तो वेगळा होता." मग मशीनसाठी मोकळ्या केलेल्या कोपऱ्याकडे बघत म्हणाली, "तो त्यांच्या फोनमध्येही नसेल. कामावरच्या माणसांत तसं कोण बोलतं?"

मग आपानं तोंडावरचा रुमाल काढला आणि विचारलं, "कसा होता?"

मैराम लाल झाली. सासूसमोर असलं बोलायचं नसतं. तिनं एकदा तोंड उघडलं, मिटलं. मान थोडी कलती केली, आणि एकदम खालच्या, जाड, सावकाश आवाजात म्हणाली, "जागी आहेस का गं?"

ती मैराम नव्हतीच.

"पाय गार पडलेत तुझे," ती त्याच आवाजात म्हणाली. "इकडे आण. आण म्हणतो ना." आणि 'ना'वर आवाज फुटला. तिचा स्वतःचा आवाज मधूनच बाहेर आला, वर्षभर कुठं दडला होता कुणास ठाऊक, आणि ती टेबलाला धरून रडायला लागली.

आपा उठली नाही, तिनं तिला गप्पही केलं नाही. स्टूल पुढं ओढून तिनं आपला कान सुनेच्या तोंडाजवळ नेला.

"आणखी बोल," ती म्हणाली. "माझ्याशी तो असा कधीच बोलला नाही."