पलंगाखालची इंजिनबाई

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि अक्षर म्हणजे कागदावरून कोंबडी चालून गेल्यासारखं. वाचणारं कुणी असलंच तर त्यानं समजून घ्यावं. मनात फिरत राहतं ते एकदा कागदावर ठेवावं म्हणून लिहिते आहे.

आमच्या बाहेरच्या खोलीत एक भाडेकरू पोरगी राहायची. कर्जतकडची. नगरला एमआयडीसीच्या रस्त्यावर एका गॅरेजात अप्रेंटिस होती. गल्लीतली मुलं तिला इंजिनबाई म्हणायची, आणि ती त्यांना तोंडानं हॉर्न वाजवून दाखवायची. या पोरीचं एक विचित्र होतं. उताणं पडल्याशिवाय तिला अभ्यासच जमायचा नाही. मांडी घालून पुस्तक धरलं की डोळे मिटलेच. दिवसभर गाड्यांखाली पडून काम करायचं, त्यामुळे डोक्यावर काहीतरी असल्याशिवाय तिचं डोकं चालायचं नाही. तिच्या खोलीत होती नुसती चटई. पलंग होता माझ्या खोलीत, लोखंडी पट्ट्यांचा.

एका दुपारी दारातून आवाज आला, "मावशी, तुमच्या पलंगाखाली जाऊ का?"

मी दचकले. "का गं, उंदीर शिरला काय?"

"उंदीर न्हाई. अभ्यास करायचाय."

पुस्तकाची पानं तिनं सुटी केली होती. ती कपड्याच्या चिमट्यांनी पलंगाच्या पट्ट्यांना खालून लावली आणि सरकत सरकत आत गेली. बाहेर राहिले फक्त तिचे पाय, टाचांत काळं ऑइल मुरलेले.

गॅरेज दुपारी जेवणापुरतं बंद व्हायचं. तेवढ्या वेळात ती घरी यायची. मी सकाळी खानावळीच्या भाकऱ्या करून थकलेली असायची, ती वेळ माझी पडायची. म्हणजे मी पलंगावर आणि ती पलंगाखाली. खालून तिचा आवाज यायचा, इंजिनाचे टप्पे घोकणारा, एकसुरी, जात्यावर बसल्यासारखा. हवा आत, दाब, स्फोट, धूर बाहेर. हवा आत, दाब, स्फोट, धूर बाहेर. थोड्या वेळानं माझा श्वासही तसाच चालायला लागायचा. मग पलंग हळूच हलायचा. मला खरंच वाटायचं की पलंगाला चाकं आली आहेत आणि तो मनमाड रस्त्यानं निघाला आहे, राहुरी मागं टाकून, उसाच्या कडेकडेनं, माझ्या माहेरी कोल्हारला. प्रवरेच्या काठावर आई धुणं धूत उभी असायची. ती हात वर करायची, पण पलंग थांबायचा नाही, कारण खालून कुणीतरी गिअर टाकत असायचं. जाग यायची तेव्हा चिमट्यांतली पानं पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत असायची आणि पोरगी कामावर गेलेली असायची.

तिची स्वप्नं मात्र जागेपणीची होती. एकदा पाय चोळत म्हणाली, "मोठ्या वर्कशॉपात लिफ्ट असती, मावशी. गाडी वर उचलत्यात आन् मानूस खाली उभा ऱ्हातो. उभा! हात वर केला की गाडीचं पोट." तिनं हात वर करून दाखवला, आभाळाला लावावा तसा. "मला एकदा गाडीखाली उभं ऱ्हायाचंय."

पण लिफ्टच्या वर्कशॉपात जागा मिळायला हलक्या वाहनांच्या मेकॅनिकची वरची परीक्षा पास व्हायला हवी होती. हाताच्या कामाच्या परीक्षेत तिला उत्तम गुण होते. लेखीत मात्र ती एकदा नापास झाली होती. या खेपेला नाही झालं तर गॅरेजातली मुदत संपत होती. मग सामान उचलून कर्जतला भावाच्या कांद्याच्या खळ्यावर. भावानं आधीच विचारून ठेवलं होतं, "यंदा येतीस का न्हाई गोण्या शिवायला?" ते सांगताना ती हसायची, पण चेहरा मात्र हसायचा नाही.

ती नापास का झाली हे मला बरेच दिवस कळलं नाही. तिचा आवाज ऐकून मला वाटायचं, हिला तर सगळं येतं. मग एक दिवस तिनं प्रश्नांची पुस्तिका माझ्या हातात दिली. "मावशी, तुमी वरून इचारा, मी खालून सांगते." मी बोट ठेवून, अडखळत वाचायला लागले. बॅटरी काढताना आधी कोणती वायर सोडवावी?

"हाताला लागंल ती," खालून उत्तर आलं.

मी मागचं उत्तरांचं पान उलटून पाहिलं. "पुस्तक म्हणतं, आधी निगेटिव्ह."

"आमचे उस्ताद तर कुठलीबी काढत्यात."

पुढचा प्रश्न ब्रेक ऑइल कमी झाल्याचा. "वतायचं की वरून," ती म्हणाली. पुस्तक म्हणत होतं, आधी गळती शोधा. असं एकेक. तिला गाडीतलं येत नव्हतं असं नाही. ती पेपरात तिच्या उस्तादांचं गॅरेज लिहून येत होती. ज्याच्या हाताखाली शिकली त्याची पद्धत चुकीची म्हणणं तिच्या जिवावर यायचं. पलंगाखालून तणतणायची, "मग काय उस्ताद येडे हायेत? इतक्या वर्सात एक गाडी परत आली न्हाई!"

मला फारसं बोलता येत नाही. चार माणसांत तर नाहीच. पण ती खाली होती, तोंड दिसत नव्हतं, म्हणून बोलले. म्हटलं, "अगं, लग्न होऊन आले तेव्हा मी आमटीत गूळ घालायची नाही. आईनं शिकवलंच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, आमच्यात घालतात. म्हणून काय माझी आई वेडी ठरली? पेपर म्हणजे दुसऱ्याचं घर समज. तिथं गेल्यावर त्यांच्या रीतीनं वाढ."

खालून हसू आलं, पलंगाच्या पट्ट्या हलवणारं. "म्हंजे मावशी, निगेटिव्ह वायर म्हंजे गूळ!"

त्या दिवसापासून कुठलंही उत्तर गॅरेजचं आलं की मी वरून नुसतं "गूळ" म्हणायची. ती "व्हय, व्हय" म्हणून पुन्हा सांगायची.

याचा परिणाम वेगळाच झाला. गॅरेजात एक पिकअप नुसत्या जॅकवर उचललेली होती आणि उस्तादांनी तिला खाली जायला सांगितलं. रोजचंच होतं. ती गेली नाही. म्हणाली, आधी खाली घोडी लावा. घोडी म्हणजे गाडीला आधार द्यायचा लोखंडी स्टँड. उस्ताद कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता गाडीला हार घाल, नारळ फोड, मग नट खोल! भ्याली व्हय गं?"

"भ्याले न्हाई, उस्ताद. मागच्या येळेला या प्रश्नाचा मार्क गेला माझा."

सगळं गॅरेज हसलं. उस्तादही हसले. घोडी कुठं धूळ खात पडली होती कुणाला ठाऊक, पण त्यांनी पुटपुटत आधाराला एक जुनं चाक गाडीखाली सरकवलं. संध्याकाळी तिनं मला हे गंमत म्हणून सांगितलं. मी भाकरी थापत होते. हात थांबला. इतके दिवस ही पोरगी नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जात होती, आणि मी दुपारी वर निवांत झोपत होते.

पेपरच्या दिवशी ती दारात घुटमळली. "कंप्युटरवर असतो, मावशी. खुर्चीत बसून. डोक्यावर नुसतं छत."

"छताकडं बघ एकदा, आणि सुरू कर," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. परत आली ती थेट पलंगाखाली शिरली. पानं काढून टाकलेली होती, तरी तशीच पडून राहिली. मीही वर पडले. काही विचारलं नाही. त्या दुपारी दोघींनाही झोप लागली नाही, पण स्वप्नात असल्यासारखी शांतता होती.

निकाल मोबाईलवर आला. ती माझ्या खांद्याला धरून नाचली, माझ्या पातळावर ऑइलचे पाच काळे डाग पडले. मग पहिल्यांदा ती धावली ते उस्तादांकडं, पेढे घेऊन. उस्ताद म्हणाले म्हणे, "आता तिकडं जाऊन सांग, कुनाच्या हाताखाली शिकलीस ते." आणि तोंड फिरवून नट खोलायचे पाने शोधायला लागले.

नाशिकच्या एका वर्कशॉपात तिला जागा मिळाली. जायच्या आदल्या दिवशी तिनं पलंगाखालची फरशी घासून पुसली. मी माळीवाड्याच्या स्टँडवर सोडायला गेले. बस निघाली तेव्हा ती खिडकीतून काहीतरी ओरडली, पण बसच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. ती त्या आवाजातही काहीतरी ऐकत असणार.

त्यानंतर दुपारी पलंग जागचा हलला नाही. डोळा लागायचा, पण रस्ता लागायचा नाही.

परवा वाण्याच्या दुकानात उभी होते. ओट्यावर पुरुषमाणसं पेपर वाचत बसलेली. मोबाईल वाजला, तिचा व्हिडिओ कॉल होता. आधी नुसता उजेड, मग तिचा चेहरा, मग फोन फिरला. एक पिकअप वर अधांतरी आणि ती खाली उभी. सरळ, ताठ. हात वर करून तिनं गाडीच्या पोटाला तळवा लावला. ओरडली, "मावशी, उभी हाय मी! हे काय हाय, वळखा."

इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडं नेणारा तो लांब दांडा मी पुस्तिकेतल्या चित्रात पाहिलेला होता. मी हळूच नाव सांगितलं.

"ऐकू येत न्हाई! इथं लई आवाज हाय."

ओट्यावरचे पेपर खाली झाले. वाण्यानं साखरेची पुडी बांधता बांधता मान वळवली.

"प्रॉपेलर शाफ्ट!" मी ओरडले.

"बरोबर! आन् त्याच्या फुडं?"

मी पदर सारखा केला, आणि पुढचं सांगायला लागले.