अक्का आणि श्रीधरचं सँडविच

आमच्या घरमालकीणबाई, अक्का, रोज सकाळी सँडविच करायच्या आणि स्वतः त्याचा कण तोंडात घालायच्या नाहीत. पाव खाल्ला की माणूस बाटतो, ही त्यांना सासूची शिकवण. पावाची सुरीसुद्धा न्हाणीघराच्या खिडकीत, वेगळी. नव्वदीच्या दशकात मी पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी बंगळूरला बसवनगुडीत आलो आणि त्यांच्या वरच्या खोलीत राहिलो. मला त्यांनी आधीच बाटलेला धरलं होतं.

या उद्योगामागे होता त्यांचा मुलगा श्रीधर. न्यूयॉर्कला शिकत होता. त्यानं लिहिलं, ‘दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात सँडविच खातो, काळजी करू नकोस.’ झालं! अक्कांनी त्या दिवसापासून काळजी सुरू केली.

“दोन चपट्या तुकड्यांवर माणूस जगतो होय रे?” असं म्हणत त्यांनी काकडी-टोमॅटोचं सँडविच मला खाऊ घातलं. संध्याकाळी जिन्यातच उलटतपासणी.

“भूक कधी लागली?”

“अकराला.”

“अय्यो! अकरालाच?”

दुसऱ्या दिवशी लोणी दुप्पट. मग बटाटा, मग दाण्याचं कूट. “डाळीनं जोर येतो,” म्हणून एकदा भिजवलेली मूगडाळसुद्धा. भूक फार तर साडेअकरापर्यंत सरकली. खोटं बोलायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

पुढे कंपनीनं मला तीन आठवडे न्यूयॉर्कला पाठवलं. “श्रीधरला विचारू नकोस, तो थापा मारेल. दुकानात जाऊन बघ,” अक्कांनी बजावलं. गेलो. मालक म्हातारा ज्यू, आजोबा पोलंडहून बोटीनं आलेले. मांस खारवायची रीत त्यांचीच. रोज येणारा आमचा श्रीधर त्याला चांगला ठाऊक होता.

परतलो तर बॅग खाली ठेवायच्या आत अक्का पुढ्यात.

“खरं सांग. आत काय असतं?”

“मोहरीची चटणी.”

“सरी, बरं. आणि?”

“काकडीचं लोणचं.”

“आणि?”

विमानात एक थाप घोकून ठेवली होती. त्यांचा चेहरा बघून ती सांगवेना.

“मांस, अक्का. एवढं जाड.” मी बोटांनी दाखवलं.

अक्का देवघराकडे बघत राहिल्या. कुठून खरं बोललो, असं झालं. मग त्यांनी माझी बोटं धरली.

“परत दाखव. एवढं?”

“एवढं.”

“रोज?”

“रोज. सगळं संपवतो म्हणे.”

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

“मग पोट भरत असेल रे त्याचं! आणि मी मेली इथं काकडी चिरत बसले.”