काळा केलेला शेवरा

पडद्यावरच्या प्राचीन राजाच्या खांद्यावर केसाळ कातडं दिसलं की माझं डोकं सणकतं. आमच्या देवणी गावच्या उन्हात आम्हाला अंगात बनियन सोसत नाही आणि हे महाराज अस्वल पांघरून फिरतात! ते कातडं परदेशी सिनेमातल्या बर्फाळ लढाईतून निघालं, दक्षिणेतल्या सिनेमात आलं, तिथून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत. वाटेत एकालाही घाम फुटला नाही.

एके काळी हे सगळं मीच आ वासून बघत होतो, हे आधी कबूल करतो. म्हणून तर आमच्या भागातल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजावर सिनेमा होतोय आणि रथाला बैल हवेत, हे कळल्यावर पहिला मीच धावलो. वडिलांना, म्हणजे दादांना, गळ घातली तीही मीच.

आमचा बैल देवणी जातीचा, त्यातला शेवरा म्हणतात तो. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. दादांनी तो वासरापासून वाढवलेला. त्याच्या मागच्या पायाच्या वर, डाव्या फऱ्यावर चुलीच्या दगडांसारखे तीन ठिपके होते, आणि दादा ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. सिनेमाचं ठरल्यावर त्यांनी सगळ्या पाव्हण्यारावळ्यांना फोन केले. "आपला बैल राजाच्या रथाला जुंपायलेत. फऱ्यावरचे ठिपके बघा, लगीच वळकू येतंय."

शूटिंगच्या माळावर कलादिग्दर्शकानं बैलाभोवती एक चक्कर मारली. "हा फारच साधा दिसतो," असं म्हणून त्यानं मोबाईल पुढे केला. "रेफरन्स असा आहे."

मोबाईलवर दुसऱ्या एका सिनेमातला काळाकुट्ट, हातभर शिंगांचा बैल धुळीत फुरफुरत होता. तो सिनेमा मी चारदा पाहिला होता. तो बैल एका परदेशी सिनेमातल्या घोड्यावरून उचललाय, हेही मला माहीत होतं. तोच काळा रंग, तीच मंद गती, नाकातून तीच वाफ. मार्च महिन्यात, आमच्याकडे, वाफ!

दादा म्हणाले, "सायेब, ह्या मातीतला बैल असाच असतोय. राजाचा बी असाच असंल."

"काका, प्रेक्षकांना प्राचीन वाटलं पाहिजे."

दोन हजार वर्षांपूर्वी इथले बैल ठिपक्यांचे होते की नव्हते, मला ठाऊक नाही. त्यालाही नव्हतं. संताप याचा येतो की त्याला तो प्रश्नच पडला नाही. राजवाडा, रथ, दाढी, बैल, सगळं आधीच्या सिनेमावरून, आणि आधीच्यानं त्याच्या आधीच्यावरून घेतलेलं. बैल कुणी पाहिलाच नव्हता, सगळ्यांनी सिनेमे पाहिले होते.

दोघातिघांनी मिळून शेवऱ्याला केसांचा काळा रंग फासला. शिंगांवर खोटी लांब शिंगं चढवून पट्ट्यांनी आवळली. ते मुकं जनावर जागचं हललं नाही. दादा माझ्याकडे बघत होते. मी एक शब्द बोललो असतो तर बैल सोडून घरी आणता आला असता. पण त्या मोबाईलवाल्यापुढे मला अडाणी दिसायचं नव्हतं. मी गप्प बसलो, आणि त्याबद्दल मला स्वतःला आजही दोन द्याव्याशा वाटतात.

रंग उतरायला महिना लागला. सिनेमा पुढच्या वर्षी उदगीरला लागला, तेव्हा दादा परीटघडीचं धोतर नेसून आले. पडद्यावर रथ आले. कॉम्प्युटरवर एकेका बैलाचे पन्नास पन्नास केलेले, सगळे काळे. दादा खुर्चीतून पुढे वाकले आणि बराच वेळ शोधत राहिले. मग हळूच म्हणाले, "आपला कोणचा रे?"

मलाही कळत नव्हतं. मी ठोकून दिलं, "तो बघा, कडेचा."

"हाव," दादा म्हणाले. मग ते खुर्चीत मागे टेकले.

आमच्या सीमेलगतच्या गावांत बैलांचा सण ज्येष्ठातल्या पौर्णिमेला, कारहुणवीला असतो. त्या वर्षी वेशीत चार जोड्या काळ्या रंगवून आणल्या होत्या, अगदी सिनेमातल्यासारख्या. शिट्ट्या त्यांनाच पडत होत्या, मोबाईलही त्यांच्याकडेच वळलेले. आमचा शेवरा अंघोळ घालून, शिंगांना लाल हिंगूळ लावून एका कडेला उभा होता. फोनवर सगळं ऐकलेला एक पाव्हणा जवळ आला, बैलाला वरखाली न्याहाळलं आणि म्हणाला, "सिनेमात गेल्ता, त्यो ह्यो न्हाई वाटतं?"

दादा आता त्याला झापतील, ठिपके दाखवतील, म्हणून मी वाट बघत होतो.

दादांनी फऱ्यावरच्या त्या तीन ठिपक्यांवर तळहात पालथा ठेवला, ते दिसू नयेत असा, आणि म्हणाले, "न्हाई. त्यो येगळा हाय."