आपलाच ओटा

पवनेच्या काठचं आमचं जुनं गावठाण पाडून तिथं मोठा चौक आणि बाजार झाला, तेव्हापासून माझ्या नावावर फुकटचं पुण्य जमा झालं आहे. कुणालाही विचारा, सांगेल, 'त्यांनी आपला गाळा कासारीण वहिनींना देऊन टाकला.' पोरांनी तर माझा फोटो टाकून फ्लेक्स लावला, वर 'दानशूर' असं लिहून. मी तो उतरवायला लावला, तर लोक म्हणाले, बघा, माणूस किती साधा! आता वय झालं. तोंडी सांगून कुणाला पटत नाही, म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

कासारीण वहिनी म्हणजे आमच्या शेजारच्या बांगडीवाल्या. माझा बालमित्र गेला, त्याच्या मंडळी. आमच्या घराच्या भिंतीला लागून त्यांचा दगडी ओटा होता. भिंत आमची, ओटा त्यांचा. त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेला. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, म्हणून कधी कुणी कागदावर आणलं नाही. मी आकुर्डीहून कंपनीची शिफ्ट संपवून आलो आणि बायको घरात नसली, की ओट्याकडे बघायचो. बांगड्या भरून घ्यायला हात पुढं करून तिथं बसलेली असायची, आणि हसणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचं.

चौकासाठी सक्तीनं भूसंपादन होणार हे ठरलं आणि मोजणीवाले आले. ज्याची धंद्याची जागा जाईल, त्याला नव्या बाजारात गाळा मिळणार होता. त्या दिवशी वहिनी देहूरोडला एका लग्नघरी चुडा भरायला गेल्या होत्या. मोजणीचे साहेब तरुण, मराठवाड्याकडचे. त्यांच्या पायात एक कुत्रं घोटाळत होतं.

"कोणाचं हे?" त्यांनी विचारलं.

"आपलंच आहे, साहेब. काही करत नाही."

ते कुत्रं खरं म्हणजे खालच्या आळीचं होतं. पण आमच्यात असंच म्हणतात. मग त्यांनी ओट्याकडे बोट केलं.

"आन् हा ओटा?"

"आपलाच की!" मी म्हणालो आणि त्यांच्या हातात चहा दिला.

त्यांनी ओटा धंद्याची जागा म्हणून माझ्या नावावर धरला. यात त्यांची काही चूक नव्हती, आणि तिथवर माझीही नव्हती. माझी चूक पुढची. काही महिन्यांनी चावडीसमोर गाळ्यांची नावं वाचून दाखवली, त्यात माझं नाव आलं. मला लगेच कळलं हे कशामुळे झालं ते. आणि मी गप्प बसलो. रिटायर झालेला माणूस, घरात कुणाच्या ना कुणाच्या पायात येणारा. स्वतःचा गाळा, त्यात स्कूटरचे पार्ट, समोर खुर्ची. शटरला निळा रंग द्यायचा हेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं.

जेसीबी आला त्या सकाळी अख्खी गल्ली जमली होती. ओट्याचा पहिला दगड निखळला तसं कुणीतरी हळहळलं, "फुटला गं ओटा!"

"फुटला म्हनू नये बाई," वहिनी म्हणाल्या. "वाढवला म्हनावं."

बांगडी फुटली की बायका 'वाढवली' म्हणतात, आणि तिथं तर रस्ताच वाढवायला आले होते. जेसीबीवाल्यासकट सगळे हसले. मी मात्र हसता हसता घरात जाऊन बसलो.

थोड्या वेळानं वहिनी मागोमाग आल्या. "भावजी, तुमाला गाळा भेटला म्हनं. लई ब्येस झालं. तुमच्या दारात मला एक टोपली ठिवाया जागा द्याल न्हवं?"

त्यांच्याच जागेतली वीतभर जागा त्या माझ्याकडे मागत होत्या. सरकार ओटे मोजत नसेल, भिंतवाल्यालाच देत असेल, अशी त्यांची समजूत होती. त्या गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं.

"उद्या हापिसात जायाचं," ती म्हणाली. "मी बी येते. तुमी एकलं गेला तर परत कायतरी आपलं-तुपलं बोलाल."

साहेबांनी मला ओळखलं. मी म्हणालो, "तो ओटा माझा नाही."

"काका, तुम्हीच म्हणलाव ना, आपलाच हाय म्हणून?"

"आपलाच म्हणजे माझा नव्हे. शेजारच्या वहिनींचा."

"म्हणजे आपला नाही?"

"आपलाच की!" मी पुन्हा म्हणालो.

बायकोनं कपाळावर हात मारला. साहेब हसून हसून लाल झाले. मग म्हणाले, "ठीक हाय. पण ओटा त्यांचा, याला पुरावा काय?"

बायकोनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. हिरव्या बांगड्या किणकिणल्या. "ह्यो. लग्नापास्नं त्याच वट्यावर भरत्यात. आनखी हात पायजेत का? गल्ली घिऊन येते."

आणि ती खरंच घेऊन आली. साहेबांना नव्यानं पंचनामा करून एकेकीचा जबाब घ्यावा लागला. प्रत्येकीनं ओट्याची हकीकत सांगायची म्हणून स्वतःच्या लग्नाची सांगितली. वहिनींच्या नावावर गाळा चढला तेव्हा कचेरीतल्या शिपायालाही आमच्या गल्लीतल्या सगळ्या सासवा तोंडपाठ झाल्या होत्या.

गाळ्याच्या उद्घाटनाला मला नारळ फोडायला उभं केलं. कुणीतरी माझ्या दानाबद्दल बोलायला लागला. मी त्याला थांबवलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की यात दान कसलंच नाही. जागा वहिनींचीच होती. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि मी तोंड मिटून बसलो होतो.

वहिनींच्या हातातला हार तसाच राहिला.

"म्हंजी मी टोपली ठिवाया जागा मागितली, तवा बी ठावं व्हतं?"

"व्हय, वहिनी."

"मंग त्याची भरपाई हुयाला पायजे," त्या म्हणाल्या आणि बायकांकडे वळल्या. "बसा गं समद्या. आज बांगड्या भावजींकडनं!"

त्यावर जो गलका झाला तो काय सांगू! माझी बायको सगळ्यांत पुढं घुसली. वहिनींनी मला गाळ्यात ओढलं, खाली बसवलं आणि बांगड्यांची खोकी पुढ्यात ठेवली. दिवसभर मी त्यांच्या हाताखाली डझन काढून देत होतो. आयुष्यभर मशीनवर मापं घेतलेला माणूस, पण इथं एक माप धड सापडेना.

"सव्वादोन मागितल्या भावजी, ह्या अडीच हायेत! कंपनीत असंच काम करत व्हता व्हय?"

बायका पुन्हा हसल्या. मी अडीचच्या बांगड्या खोक्यात टाकून सव्वादोनच्या शोधायला लागलो.