सिग्नलला बंद पडलेली गाडी

सिग्नलला मी ‘रस्त्यावर शांत राहा’ अशी पत्रकं वाटत होतो. हिरवा दिवा लागला आणि आमच्या गल्लीतल्या शिंदेकाकूंची गाडी बंद पडली. काकांना डायलिसिसला नेता यावं म्हणून या वयात त्या गाडी शिकतायत. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

“ओ काकू, घरी भाकऱ्या थापा!” मागच्या गाडीतला एकजण ओरडला.

गाडीत बसलं की पुढचा माणूस दिसतच नाही, नुसता अडथळा दिसतो. आणि अडथळ्याला कुठे वय असतं, आजारी नवरा असतो?

आम्ही दोघातिघांनी गाडी कडेला ढकलली. ओरडणाऱ्याने पत्रक घेतलं, वाचलं. “खरंय बाबा, लोकांना धीरच नाही राहिला.”

काकूंनी किल्ली काढून शेजारी बसलेल्या काकांच्या हातात ठेवली. “अहो, यापुढे रिक्षाच करू.”