तळहाताचा आडोसा

कापड गिरणीत मागाखाली रुईचा कचरा साचतो. सकाळी झाडला तरी दुपारी पुन्हा तेवढाच. किस्स्यांचंही तसंच आहे. आपण काही ते जमवायला जात नाही. आपण आपलं काम करत असतो आणि ते साचत जातात. मग रविवारी कुणाकडे चिवडा खायला बसलो की मंडळी म्हणतात, "देवघरे, होऊन जाऊ द्या एखादा." मी सांगतो, लोक हसतात. घरी परतताना माझी बायको कुमुद म्हणते, "तो शेवटचा आजही नाही सांगितलात." मी म्हणतो, पुढे कधीतरी. आज सांगतो, पण क्रमाने सांगतो, नाहीतर तो समजायचा नाही.

नागपूरच्या एका गिरणीत मी विणाई खात्यात होतो. शिकाऊ म्हणून लागलो आणि खात्याचा मॅनेजर झालो. चाळिशी ओलांडली आणि गिरणी डगमगायला लागली, त्याच सुमाराला नागपुरातल्याच सदर भागातल्या एका सल्लागार कंपनीने मला बोलावलं. हुद्दा सीनियर कन्सल्टंट. म्हणजे दुसऱ्यांच्या कारखान्यात जायचं, बघायचं आणि काय करावं ते त्यांना सांगायचं. माझ्या सासऱ्यांना हे काम शेवटपर्यंत कळलं नाही. ते विचारायचे, "ते सगळं ठीक, पण तुम्ही बनवता काय?"

* * *

आधी गिरणीतलं सांगायला हवं. विणाई खात्यात मागांचा खडखडाट एवढा, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथे माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि दुसरा ते दुरून वाचतो. मला हे वामनराव ढोबळेने शिकवलं. वामनराव आमचा हेड जॉबर, म्हणजे मागांची देखभाल आणि विणकरांची भांडणं दोन्ही सांभाळणारा. आम्ही एका वयाचे, एकाच सुमाराला लागलेलो. लोकांसमोर तो मला साहेब म्हणायचा आणि एरवी तू. खात्याच्या या टोकाला मी, त्या टोकाला तो, आणि घरी कोणती भाजी झाली इथपासून सगळ्या गप्पा मागांच्या डोक्यावरून चालायच्या.

एकदा मालकांनी मुंबईहून एक साहेब पाठवला. कामगार कुठे कमी करता येतील ते बघायला आला होता. साहेब स्वतः जुना गिरणीवाला, म्हणजे त्याला ओठ वाचता येणार. आमची पंचाईत झाली. वामनरावने काय केलं, तर साहेब ज्या बाजूला उभा होता त्या बाजूने गालाशी तळहाताचा आडोसा धरला आणि पलीकडून मला म्हणाला, "जपून बोल गा. हा आपल्यातलाच होता. आता नाही राह्यला."

साहेबाने तो हात पाहिला. चष्मा काढून पुसत राहिला. आम्ही दोघं नंतर कामगारांच्या गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर पोट धरून हसलो.

मी गिरणी सोडली त्या दिवशी याच टपरीवर वामनराव म्हणाला, "जाऊन राहिला तं जा. पण कधी इकडे येशीन तं आपल्या गेटनं ये. साहेबाच्या गेटनं नको येऊ." मी म्हटलं, हे काय सांगायला पाहिजे.

* * *

सदरचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं, खाली चपलांचं दुकान. खिडकीला वाळ्याचा कूलर, टेबलांवर काचा, आणि सगळे देवळात बोलावं तसं हळू बोलणारे. आमचे प्रमुख केळकर साहेब तर इतकं हळू बोलायचे की नव्या माणसाला वाटावं, काहीतरी दुःखद घडलंय.

आणि मी वीस-बावीस वर्षं मागांशी बोललेला माणूस. पहिल्याच दिवशी मी टायपिस्ट मिस फर्नांडिसला म्हटलं, "एक कोरा कागद द्या." ती दचकून उभीच राहिली. दुपारी मी केळकर साहेबांना माझ्या कामाचा अनुभव सांगत होतो, तेवढ्यात खालचा चपलांचा दुकानदार धापा टाकत वर आला.

"साहेब, कोनाचं भांडन होऊन राहिलं? पोरगं पाठवू का पोलीस ठाण्यात?"

केळकर साहेब त्याला हळूच म्हणाले, "भांडण नाही. हे आमचे नवीन सहकारी."

त्यानंतर मी आवाज एवढा खाली आणला की घरी कुमुदने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

* * *

गिरणीत दुपारी सगळे डबे मधे ठेवायचो. कुणाच्या डब्यात काय आहे यावर कुणाचाच हक्क नसायचा. माझ्या डब्यातली वांग्याची भाजी मला फार क्वचित मिळाली.

ऑफिसात प्रत्येकजण आपल्या टेबलावर, आपल्या डब्यावर किंचित वाकून जेवायचा. पहिल्या आठवड्यात मी डबा घेऊन एका सहकाऱ्याच्या टेबलाशी गेलो. त्याने चटकन फाईल उघडली आणि विचारलं, "काही अर्जंट?" मी म्हटलं, "नाही, वांगी आहेत." त्याला काय करावं समजेना. मी परत आलो आणि माझी वांगी सगळी मीच खाल्ली. गिरणीत ज्यासाठी भांडायचो ते मिळालं होतं, आणि घास उतरत नव्हता.

* * *

सावनेरला एका जिनिंग फॅक्टरीत आम्हाला बोलावलं होतं. कापसातून सरकी काढायची मशीनं सारखी बंद पडत होती. केळकर साहेब मालकाशी बोलत बसले आणि मला आत पाठवलं. बघतो तर पट्टा सरकत होता. मी बाह्या वर केल्या, तिथल्या मिस्त्र्याला म्हटलं पाना आण, आणि दोघांनी मिळून पुली सरळ करून टाकली. कोपरापर्यंत काळे झालो. मशीन सुरू झालं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "मस्त झालं भाऊ. चाल, जेवून घे." कितीतरी महिन्यांनी मला कुणी भाऊ म्हटलं होतं.

तासाभराने केळकर साहेब मला शोधत आले. मालकाच्या बैठकीत आमच्यासाठी पानं वाढली होती. मी मात्र मागच्या शेडमध्ये पोत्यावर बसून मिस्त्र्याच्या डब्यातली भाकर आणि ठेचा खात होतो, नाका-डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गाडीत ते त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "देवघरे, आपण सल्ला देतो. सल्ला देणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. नाहीतर लोक सल्ला ऐकत नाहीत, काम सांगतात."

माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्वतःचा रुमाल मला दिला. तो पुन्हा पांढरा झाला नाही.

* * *

भिवापूरचा किस्सा मंडळींना फार आवडतो. तिथे दोन भावांचा मिरचीचा व्यापार होता, आणि दुकानामागे मिरची कांडायचं मशीन. त्याच्या धडधडीत मी त्यांचा माल ठेवायचा पसारा बघत होतो. पलीकडे दोघं भाऊ एकमेकांशी बोलत होते. त्यांना वाटलं या आवाजात कोण ऐकतंय.

मी वाचत होतो. वाचायचं नव्हतं, पण सवय. धाकटा म्हणाला, "याले जेवाले थांबवाचं का?" थोरला म्हणाला, "काहून? जाऊ दे त्याले. थांबला तं आनखी दहा गोष्टी इचारन."

मी उठून त्यांच्याजवळ गेलो आणि म्हटलं, "जेवण राहू द्या, मला उशीर होतो. आणि आता आणखी काही विचारायचं नाही."

दोघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. पुढच्या वेळी गेलो तर बाजारात बातमी पसरलेली, नागपूरहून येणाऱ्या साहेबाला मनातलं कळते. चहावालासुद्धा माझ्याकडे न बघता चहा ठेवून गेला. केळकर साहेब खूश झाले. म्हणाले, क्लायंटला धाक हवाच. मी ज्या बाकावर बसायचो तो बाक रिकामा व्हायचा.

* * *

ऑफिसात माझ्या आणि मिस फर्नांडिसच्या मधे काचेचं पार्टिशन होतं. एकदा तिने विचारलं, "तुम्ही काचेतून सगळं ओळखता म्हणे?" मी तिला ओठांचं बोलणं शिकवायला लागलो. हुशार मुलगी. महिन्याभरात ती टाईप करता करता काचेपलीकडून नुसत्या ओठांनी सांगायची, "साहेब आले," "आज मूड खराब," "चहा?" मी उत्तर द्यायचो. दिवस जरा बरे जायला लागले.

मग तिचं लग्न ठरलं आणि ती जबलपूरला गेली. निघताना पार्टिशनच्या पलीकडे उभी राहून काहीतरी बोलली. मला वाचता आलं नाही. डोळ्यांत पाणी असलं की ओठ नीट दिसत नाहीत, हे मला वामनरावने शिकवलं नव्हतं.

* * *

दसऱ्याला वामनरावच्या घरी जायचा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. छप्पन साली त्याच्या वडिलांनी घरादारासह दीक्षा घेतली, तेव्हापासून दसऱ्याला गावोगावचे नातेवाईक दीक्षाभूमीवर येतात आणि मुक्कामाला याच्याकडे. अंगणात पाय ठेवायला जागा नसते. कुमुद आत वामनरावच्या बायकोला, शेवंताबाईला, पुऱ्या लाटू लागायची आणि माझ्याकडे पाण्याचं काम. बादली आणि पेला घेऊन पंगतीत फिरायचं. नवे पाहुणे विचारायचे, "हा कोन?" वामनराव सांगायचा, "घरचाच आहे."

नोकरी बदलल्यावरही गेलो. मी बादलीला हात घातला तर शेवंताबाई म्हणाल्या, "राहू द्या ना भाऊजी." एक खुर्ची आली, शेजारच्यांकडून मागून आणलेली. भर अंगणात मी एकटा खुर्चीवर, बाकी सगळे खाली.

"वामन, मी पाणी वाढतो ना," मी म्हटलं.

"बसा," तो म्हणाला. "तुमचे कपडे भिजतीन."

मी बसलो. पाणी त्याचा पुतण्या वाढत होता आणि वाटेत सांडत होता. मी कधी सांडलं नाही.

* * *

आता तो शेवटचा.

काही वर्षांनी आमच्या जुन्या गिरणीने आमच्याच कंपनीला काम दिलं. विणाई खात्यातले जुने माग किती ठेवायचे, किती मोडीत काढायचे, ते सांगायचं. एकेका मागामागे माणूस असतो, हे वेगळं सांगायला नको. मी केळकर साहेबांना म्हटलं, दुसऱ्या कुणाला पाठवा. ते म्हणाले, "तुमच्याइतकं ते खातं कोण ओळखतं?"

खरं सांगतो, आतून मला आनंदच झाला होता. वाटलं, मी असलो तर निदान दोन माणसं वाचवीन. आणि पुन्हा त्या खडखडाटात उभा राहीन, पुन्हा वामनरावशी मागांवरून बोलेन. खात्यात ती खुर्ची असणार नव्हती. मी मुद्दाम गिरणीतला जुना खाकी शर्ट काढला. कुमुदने त्याला इस्त्री करून दिली.

गाडी टपरीच्या गेटाजवळ आली तशी मी ड्रायव्हरला म्हटलं, इथे थांबव, मी इथून जातो. केळकर साहेब शेजारी होते. ते म्हणाले, "मालक पुढच्या गेटवर हार घेऊन उभे आहेत, देवघरे. बरं दिसत नाही." गाडी पुढे गेली. टपरीवरची माणसं मान वळवून बघत होती.

हार गळ्यातून काढून मी केळकर साहेबांच्या हातात दिला आणि एकटाच खात्यात शिरलो. तोच आवाज, तोच तेलाचा आणि सुताचा वास. अगदी त्या टोकाला वामनराव उभा होता. केस पांढरे झाले होते. त्याने मला पाहिलं.

मी ओठांनी म्हटलं, "वामन, आज भाजी कोणती?"

तो थोडा हसला. त्याचे ओठ हलले, "वांगी."

मला इतकं बरं वाटलं की मी जागचा हललोच नाही. तेवढ्यात त्याच्याजवळच्या मागावरचा एक विणकर, मला अनोळखी, माझ्याकडे बोट दाखवून त्याला काहीतरी विचारू लागला. मी त्याचे ओठ वाचले. "कोन होय हा?"

वामनरावने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग हात वर केला, गालाशी तळहाताचा आडोसा धरला आणि त्याला सांगितलं.

आडोसा माझ्या बाजूला होता.