उकुलेलेची चौथी तार

“काका, ॲप बराबर म्हणून राहिलं, पण धून काही बराबर वाजून न्हाई राहिली,” असं म्हणत शबानानं उकुलेले माझ्या टेबलावर ठेवला.

उकुलेले म्हणजे नायलॉनच्या चार तारांची इवलीशी गिटार. हिंगोलीत पेट्या आणि तंबोरे दुरुस्त करता करता माझे केस पिकले. हे पाहुणं अलीकडचं. शबाना आखाडा बाळापूरच्या एका शाळेत बालवाडी शिकवते. हवाई बेटावरच्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडे ती मोबाईलवर उकुलेले शिकत होती. दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर परीक्षा. पास झाली तर शिकवण्याचं प्रमाणपत्र, आणि ते असेल तरच शाळा तिला संगीताचा तास देणार होती. बिचारी रडकुंडीला आली होती.

चौथी तार तुटल्यावर तिनं नांदेडहून नवी बसवून आणली होती. बिघाड तेव्हापासूनचा. मी खुंट्या पाहिल्या, घट्ट होत्या. मोबाईलमधलं सूर जुळवायचं ॲप लावलं, चारही सूर बरोबर. पण धून चौथ्या तारेवर आली की धपकन खाली पडायची.

तार चांगली जाड होती. त्यात मला वावगं वाटलं नाही. वाद्य हातात धरलं की चौथी तार सगळ्यात वर येते, आणि गिटारला वरची तार जाडच असते. पण मानेच्या टोकाला हाडाची पट्टी असते, तिच्या खाचांमध्ये तारा बसतात. ही तार खाचेत बसतच नव्हती, काठावर लोंबत होती. खाच मोठी करायला मी कानस उचलली आणि थांबलो. बनवणाऱ्यानं मुद्दाम बारीक खाच कशाला पाडली असेल?

समोर तंबोरा टांगलेला होता. त्याची पहिली तार मधल्या दोन तारांपेक्षा जाड असते आणि सगळ्यात जाड शेवटी. म्हणजे तारा जाडीच्या क्रमानंच लागल्या पाहिजेत असं कुठे आहे? ही चौथी बारीकच असणार, आणि तिचा सूर एक सप्तक वरचा. ॲपला सुराचं नाव कळतं, सप्तक कळत नव्हतं.

मी गिटारची पहिली, बारीक तार कापून लावली आणि जपून चढवली. शबानानं धून वाजवली. पुन्हा वाजवली. मग ओढणीनं डोळे पुसले.

तिच्या घरी रेंज नाही, म्हणून परीक्षा माझ्याच दुकानात झाली. आमच्याकडे शनिवारची सकाळ, तिकडे अजून शुक्रवारच. उस्तादानं आधी नुसती चौथी तार छेडायला लावली आणि मान डोलावली. धून संपल्यावर तो गप्पांत रमला. त्याचा पणजोबा पोर्तुगालच्या एका बेटावरचा सुतार. ऊसतोडीला जहाजानं हवाईला आला, सोबत्यांनी छोटी गिटार आणली होती. करार संपल्यावर तो तिथल्याच लाकडाची वाद्यं बनवू लागला. उकुलेले म्हणजे उडी मारणारी पिसू, असंही लोक सांगतात.

आमच्याकडे ऊसतोड म्हटली की टोळी नेणारा मुकादम आलाच, मला राहवलं नाही. “त्याला इचार, मुकादम कोण होता?”

मुकादम म्हणजे काय हे समजावता समजावता शबानाचं इंग्रजी संपलं. मग म्हातारा खो खो हसला. मुकादम होता, म्हणाला, आणि घोड्यावरून फिरायचा.

शबाना पास झाली. शाळेनं तिला आठवड्यातून दोन तास दिले.

माझ्यापुरता धडा एवढाच: नव्या वाद्याला कानस लावण्याआधी, ते बनवणारा शहाणा होता असं धरून चालावं.